शो बंद झाला, आता मुंबईत थांबू की कोल्हापूरला येऊ?

एका विनोदी कलाकाराचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गाभा इथे देते.

वय ४१. मूळचे कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेतले. कॉलेजात असताना युवा महोत्सवातल्या स्किटमुळे नाव झालं, पुढे राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली, आणि मुलगी वर्षाची असताना मुंबई गाठली. बारीकसारीक भूमिका करत करत एका वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमात जागा मिळाली. तिथे बहुतेक वेळा साडी नेसून कोल्हापुरी बोलणाऱ्या एका फटकळ आक्काचं काम असायचं. आक्का गाजली. वर्षभरापूर्वी कार्यक्रम बंद झाला. तेव्हापासून फोन येतात ते दोनच प्रकारचे: मालिकेत गावाकडचा खुळा गडी करा, नाहीतर दुकानाच्या उद्घाटनाला आक्का होऊन या. मीरा रोडच्या खोलीचं भाडं चालू आहे. पत्नी कोल्हापुरात पतसंस्थेत नोकरी करते, मुलगी आता तेरा वर्षांची आहे. थोरला भाऊ लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात भागीदार हो म्हणून मागे लागला आहे.

ते लिहितात: “बँकेच्या रांगेत उभा असलो तरी लोक म्हणतात, एक डायलॉग होऊ दे की. घरी मात्र मी गप्प असतो. बायको म्हणते, परत या. तिला माझं काम कधी कळलंच नाही. परत आलो तर सगळे म्हणतील, आपटला. विनोदी नट म्हणून शिक्का बसला तो बसलाच, आता गंभीर काम कोण देणार? गणपतीत एका मंडळानं साडी नेसून यायची सुपारी दिलीय. पैसे चांगले आहेत, पण मुलगी नको म्हणून रडली. बाकी ठीक आहे. रात्री झोप लागत नाही, थोडी घ्यावी लागते.”

उत्तर

सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण ती तुम्ही जाता जाता टाकल्यासारखी लिहिली आहे. झोप लागत नाही आणि ती यावी म्हणून घेता, हे काम मुंबई-कोल्हापूरच्या आधी हातात घ्या. दारूनं डोळा लागतो, पण झोप टिकत नाही, आणि पहाटे तीनला छताकडे बघत घेतलेला निर्णय कशाचाही असला तरी सुटकेचाच असतो. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. तिथेही कुणीतरी ओळखेल आणि मोबाईल पुढे करेल अशी धास्ती असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नावही सांगावं लागत नाही. घरी गप्प असता, याची मला तेवढी काळजी वाटली नाही. दिवसभर लोकांना हसवून पोट भरणारा माणूस घरी गप्प बसला, तर ती त्याची विश्रांतीही असू शकते. फक्त घरच्यांना तसं कधी सांगितलंय का? त्यांना तो राग वाटत असेल.

आता शिक्क्याचं बघू. विनोदी नटानं एकदा प्रेक्षकांना रडवलं की तो ‘खरा’ नट ठरतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे, आणि तुमच्या पत्रात ती ओळीओळीतून डोकावते. शिक्का पुसता येतो हे सांगायला सगळे दिलीप प्रभावळकरांचं उदाहरण देतात. मुंबई दूरदर्शनवर चिमणराव म्हणून ते घराघरांत पोचले आणि १९९१ मध्ये ‘चौकट राजा’मधला नंदू त्यांनी असा काही केला की चिमणराव आठवू नये. लक्ष्मीकांत बेर्ड्यांचं उदाहरण तेवढं दिलं जात नाही. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’, पटकथा पु. ल. देशपांड्यांची, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि बेर्ड्यांचं काम बघून आजही लोक हळहळतात. पण तेव्हा हसायच्या तयारीनं आलेल्या प्रेक्षकानं पाठ फिरवली. दोघांच्या गुणात खोट नव्हती. कुणाला कधी वेगळं काम मिळेल आणि मिळालं तरी ते चालेल का, हे नटाच्या हातात नसतं. त्यामुळे ‘गंभीर काम कोण देणार’ या प्रश्नावर तुम्ही जी वर्षं घालवाल ती दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यात जातील. आणि प्रभावळकरसुद्धा पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत टिपऱ्यांचे आबा झाले, तेव्हा विनोदाकडे परत आले म्हणून कुणी त्यांना आपटला म्हटलं नाही.

मला तुमची अडचण दिसते ती मालकीची. आक्का तुमच्या अंगाखांद्यावर वाढली हे खरं, पण बहुतेक करारांत पात्राचं नाव, त्याची ठरीव वाक्यं, स्किटं हे सगळं निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे राहतं. करारपत्र काढा आणि नीट वाचा, किंवा ओळखीच्या वकिलाला दाखवा. सही करताना आपण शेवटचं पान तेवढं बघितलेलं असतं. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झालं, २०२४ मध्ये थांबलं आणि पुढच्याच वर्षी नव्या सूत्रसंचालकासह परत आलं. नाव वाहिनीचं, म्हणून वाहिनीला ते परत आणता आलं. जुन्या चेहऱ्यांपैकी काही दिसले, काही दिसले नाहीत. यात कुणी कुणावर अन्याय केला असं मी म्हणत नाही, हा धंदा असाच चालतो. पण मग तुमचं स्वतःचं असं काय उरतं?

ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिता, भांडणाच्या स्किटमध्ये पंच, म्हणजे हशाचं वाक्य, टाकायच्या आधी आक्का पदर सावकाश ओढून कमरेला खोचायची, मग पायातल्या चपला काढून भिंतीकडेला जोडीनं सरळ लावून ठेवायची, म्हणजे आता तास-दीड तासाची निश्चिंती. हशा तिथेच यायचा, वाक्य नंतर. हे लेखकानं लिहिलेलं नव्हतं. तुमच्या गल्लीतल्या नळावर भांडणारी एक बाई तसं करायची, ते तुम्ही लहानपणी पायरीवर बसून बघितलं होतं.

या कार्यक्रमांचं काम कसं चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगते. स्किट हातात येतं, वाचन होतं, दोन-तीन दिवस तालमी होतात आणि मग एकेका दिवसात दोन-तीन स्किटं उभी करून शूट होतात. कागदावरचं बरंचसं तालमीत बदलतं. कुणी शब्द फिरवतो, कुणी हातातली छत्री विनोदाला लावतो, कुणी समोरच्याच्या पंचला असा फीड, म्हणजे आधीचं पूरक वाक्य, देतो की टाळी दुसऱ्याला पडते. शेवटी पडद्यावर लेखक म्हणून एक नाव झळकतं. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं लेखनही केलंत, फक्त त्याचं मानधन आणि श्रेय घेतलं नाहीत. तुम्ही स्वतःला ‘चेहरा’ समजता आणि चेहरा विकला जात नाही म्हणून हवालदिल झाला आहात. मी तुम्हाला लेखणी हातात घ्यायला सांगते आहे.

लक्ष्मण देशपांडे औरंगाबादेत नाट्यशास्त्र शिकवायचे. तिथे नोकरी करता करता त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लिहिलं, एकट्यानं ५२ पात्रं उभी केली आणि त्याचे प्रयोग देश-परदेशात केले. तो प्रयोग बंद करायचा की चालू ठेवायचा, हे कुठल्या वाहिनीच्या बैठकीत ठरणार नव्हतं. तुम्ही उद्या उठून एकपात्री करा असं माझं म्हणणं नाही, त्याला लागणारा दम वेगळा आणि तो पन्नास प्रयोगांशिवाय येत नाही. पण पाऊण तासाचं काहीतरी लिहा. तुमच्या पेठेतली चार-पाच माणसं घ्या: नळावरची ती बाई, कुस्तीच्या तालमीतला वस्ताद, पतसंस्थेचा वसुलीवाला, शेजारच्या लग्नात आचाऱ्याच्या मागे मागे फिरणारा तो एक काका. पहिला प्रयोग ओळखीच्या पंचवीस माणसांपुढे कुणाच्या तरी गच्चीवर करा. जमलं तर शाहू स्मारक आहे, देवल क्लब आहे.

आणि लिहिताना कृपा करून कोल्हापूरकराला जरा श्वास घेऊ द्या. टीव्हीवरचा कोल्हापुरी माणूस जेवढा ओरडतो तेवढा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भर गर्दीतसुद्धा कुणी ओरडत नाही. आपल्या बोलण्यात तिरकस, थंडपणे मारलेला टोला असतो, तो टीव्हीनं जवळजवळ वापरलेलाच नाही. तुम्ही वापरा.

मुंबई की कोल्हापूर, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे. मीरा रोडची खोली सोडा, मुंबईतलं काम सोडू नका. पूर्वी ऑडिशनसाठी गोरेगाव-मालाडला चकरा मारत राहणं भाग होतं. आता पहिली ऑडिशन बहुतेक ठिकाणी मोबाईलवर शूट करून पाठवावी लागते, आणि ती कोल्हापुरातल्या पांढऱ्या भिंतीपुढेही तितकीच चांगली होते. काम मिळालं, तारखा ठरल्या, की रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, सकाळी मुंबईत. जुन्या सहकाऱ्याकडे चार दिवस मुक्कामाची सोय पैसे देऊन आत्ताच ठरवून ठेवा, दर वेळी भीड घालू नका. मोरेवाडीच्या चित्रनगरीत मालिकांची चित्रीकरणं होतात. इथल्या निर्मिती व्यवस्थापकांकडे तुमचा नंबर आहे का? नसणार, कारण तुम्ही मुंबईचे म्हणून ओळखले जाता.

यात तोटा आहे, तो लपवत नाही. सेटवर सहज गेलो, चहा प्यायलो आणि उद्याच्या एका छोट्या कामाला उभा राहिलो, असं मुंबईत घडतं. कोल्हापुरात बसून ते घडणार नाही. कामं मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरची स्मरणशक्ती फार लांबची नसते. म्हणून महिन्या-दीड महिन्यातून एकदा काम असो नसो मुंबईला जाऊन यायचं आणि त्याचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आधीच बाजूला काढायचा. तरीही भाड्यापेक्षा तो कमीच पडेल. एक वर्ष असं करून बघा. वर्षभरात मुंबईहून काहीच आलं नाही, तर खोली ठेवूनही ते आलं नसतं असं मानायला हरकत नाही.

‘आपटला’ म्हणणारे म्हणतीलच. “काय भावा, शूटिंग न्हाई व्हय सध्या?” हे तुम्हाला बिंदू चौकात कुणीतरी विचारणार. त्यावर ओशाळून तीन प्रोजेक्टची नावं सांगत बसू नका. “न्हाई, सध्या दुकानात असतोय, या की खिळं घ्यायला,” म्हणा. विनोदी नट आहात, एवढा फीड वाया घालवू नका.

हो, दुकान. दुकानात जाणं ही शरमेची गोष्ट आहे असा तुमचा सूर आहे. अशोक सराफ रंगभूमीवर कामं करत होते तेव्हा स्टेट बँकेत नोकरीलाही होते. राजा गोसावींचा ‘लाखाची गोष्ट’ लागला, तेव्हा ते पुण्याच्या भानुविलासमध्ये बुकिंगच्या खिडकीत बसून तिकिटं देत होते, हा किस्सा तुम्ही ग्रीनरूममध्ये कितीदा ऐकला असेल. माझा आक्षेप वेगळ्या कारणासाठी आहे: भागीदारी नको. भागीदार झालात की शूटिंगच्या तारखा आणि दुकानातला सीझन यांची गाठ पडणार, आणि त्या भांडणात एक तर काम जाईल नाहीतर भाऊ. अर्धा दिवस, ठरलेल्या पगारावर, शूटिंग असेल तेव्हा बिनपगारी सुट्टी, असं बोला. भावाला ते पटलं नाही तर दुसरीकडे बघू, पण त्यानं मोठ्या मनानं विचारलंय म्हणून गळ्यात पडलेलं हो म्हणू नका.

पैशाचं दोन शब्दांत सांगते, कारण हे वाचणाऱ्या इतर कलाकारांनाही लागू आहे. टीव्हीचे पैसे दिवसाच्या दरानं ठरतात आणि हातात यायला बऱ्याचदा तीन महिने लागतात. म्हणजे काम चालू असतानाच पुढच्या सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकायला हवा. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. कामं कमी झालेल्या वर्षी रिटर्न भरलंत तर त्यातलं बरंचसं परत मिळू शकतं, आणि नेमकं त्याच वर्षी कलाकार रिटर्न भरायचं सोडून देतात. आरोग्य विमा स्वतःच्या नावानं घ्या, युनिट तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही. अभिनयाचे क्लास काढायचा विचार तुम्ही केलाच असेल. टीव्हीत संधी देऊ म्हणून फलक लावणाऱ्या क्लासबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यापेक्षा युवा महोत्सवाच्या आधी कॉलेजांना स्किट, मूकनाट्य, नकला बसवून देणारं माणूस हवं असतं. तुम्ही त्याच रिंगणातून आलात. मानधन थोडं मिळेल, पण वीस वर्षांची पोरं कशाला हसतात हे तुम्हाला पुन्हा कळेल, आणि लिहायला बसाल तेव्हा ते उपयोगी पडेल.

आता “तिला माझं काम कधी कळलंच नाही” या वाक्याकडे येते. हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण दोन परिच्छेद आधी तुम्हीच लिहिलंय की मुंबईतली पहिली तीन वर्षं खोलीचं भाडं पत्नीच्या पगारातून जायचं. काम न कळणारी बाई तीन वर्षं भाडं भरते का? तिला स्किट आवडत नसेल, टाळ्या वाजवत नसेल, ते वेगळं. तुम्ही मुंबईत होतात तेव्हा शाळेच्या मीटिंगा, आजारपणं, गॅसचा नंबर लावणं हे सगळं तिच्याकडे होतं, आणि ती ‘परत या’ म्हणते तेव्हा तुम्हाला ते मागे ओढणं वाटतं. तिनं तुम्हाला परत येऊन काय करा म्हटलंय, हे पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलं नसावं.

मुलीचं रडणं मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही त्याचा अर्थ ‘तिला बापाची लाज वाटते’ असा लावलाय. असेलही. तेराव्या वर्षी शाळेत कुणी ‘आक्काची पोरगी’ म्हटलं की पुरे होतं. पण दुसरीही एक शक्यता आहे. ज्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला, जयंतीच्या आदल्या रात्री, कोल्हापूरकरांनी डोळ्यांदेखत जळताना पाहिलं, ते केशवराव भोसले लहानपणी ‘संगीत शारदा’ नाटकात शारदेचं काम करायचे. तमाशात मावशी आहे. पुरुषानं बाईचं काम करणं आपल्याकडे नवं नाही. पण तेव्हा प्रेक्षक शारदेसाठी रडायचा. टीव्हीवर बऱ्याचदा गडी माणसानं साडी नेसली एवढाच विनोद असतो, बाईचं चालणं, तिचं अंग, तिचा आवाज यावर हशा घेतला जातो. नुकतीच वयात येणारी मुलगी ते बघते तेव्हा तिला काय वाटत असेल? तिला समजावू नका, विचारा. आणि तिनं सांगितलं तर मध्ये बोलू नका. तुमच्या चपला सरळ लावणाऱ्या आक्कावर ती रडली नसेल, असा माझा अंदाज आहे.

मंडळाची सुपारी घ्यायची तर साडीशिवाय येतो म्हणून सांगा, वीस मिनिटांचं तुमचं स्वतःचं काहीतरी करतो म्हणा. कमी पैसे देतील. कदाचित नको म्हणतील. नको म्हणाले तर या गणपतीला सोडून द्या, कारण करार न वाचता आक्का स्टेजवर आणणं तसंही धोक्याचं आहे. पण एखादं मंडळ हो म्हणालं, तर तुम्हाला तुमच्या लिखाणाचा पहिला प्रयोग मिळाला, तोही फुकट प्रेक्षकांसकट.

सांगली, इचलकरंजी, साताऱ्याहून या वाटेला निघालेल्या तरुण मुलांची पत्रंही माझ्याकडे असतात, म्हणून त्यांनाही एक सांगते. तालमीत तुम्हाला सुचलेली जागा रात्री वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुढे लेखनाचं श्रेय मागायची वेळ आली तर हातात काहीतरी असेल, आणि मागायची वेळ नाही आली तरी वही तुमचीच राहील.

भावाला आत्ता लगेच उत्तर देऊ नका. आधी डॉक्टर, मग करारपत्र, मग एका संध्याकाळी वर्षभराच्या जमाखर्चाचा कागद. दुकानाच्या पगाराचं बोलायला भावाकडे जाल तेव्हा पत्नीला बरोबर न्या आणि आकडे तिला बोलू द्या. ती रोज पतसंस्थेत तेच करते.